एका सेकंदाची फुंकर: बारामती-इंदापूरच्या फुप्फुसांचा हिशेब

बारामती तालुक्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ४ लाख २९ हजार ६०० भरली, इंदापूर तालुक्याची ३ लाख ८३ हजार १८३. बेरीज ८ लाख १२ हजार ७८३. आता देशाचे तीन दर घेऊ. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली आलेल्या राज्यवार अभ्यासानुसार २०१६ मध्ये भारतातल्या ४.२ टक्के लोकांना सीओपीडी होता, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करून ठेवणारा आजार. दमा होता २.९ टक्के लोकांना. क्षयाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये भारतात दर लाखामागे १९५ नवे रुग्ण. हे दर या दोन तालुक्यांना जसेच्या तसे लावले, तर सीओपीडीचे ३४ हजार, दम्याचे साडेतेवीस हजार आणि दरवर्षी क्षयाचे जवळजवळ १,६०० नवे रुग्ण निघतात.

हिशेब कच्चा आहे. देशाचा दर तालुक्याला तंतोतंत बसत नाही आणि लोकसंख्याही जुनीच धरली आहे. तरी आकाराचा अंदाज येतो. २०११ साली अख्ख्या इंदापूर शहराची लोकसंख्या २५ हजारांच्या आसपास होती, त्याहून जास्त माणसं एकट्या सीओपीडीच्या रकान्यात येतात.

मग ही माणसं दिसत का नाहीत? दिसतात, पण आजारी म्हणून नाही. ‘वय झालं, आता माळ चढवत नाही,’ असं म्हणणारा साठीचा शेतकरी, ‘थंडीत जरा कफ होतो’ म्हणणारी त्याची बायको, ही त्यातलीच. आजार लपून राहण्याची दोन कारणं मला दिसतात. एक, फुप्फुसांकडे राखीव क्षमता भरपूर असते, त्यामुळे बराच ऱ्हास होईपर्यंत रोजचं काम अडत नाही. दुसरं, छातीचा आजार बिडी ओढणाऱ्याला होतो, ही पक्की बसलेली समजूत.

आधी दुसरं कारण आकड्यांवर तपासू. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, मात्र त्यात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. बाकीचे चुना-तंबाखू, मिश्री, गुटखावाले. म्हणजे शंभर प्रौढांत चार बिडी-सिगरेटवाले. वर उल्लेख केलेल्या ‘लॅन्सेट’च्या अभ्यासानुसार भारतात सीओपीडीमुळे आयुष्याची आणि आरोग्याची जेवढी वर्षं वाया जातात, त्यातला ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा आहे, २५.४ टक्के तंबाखूचा आणि १६.५ टक्के कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा. प्रदूषण म्हणजे शहरातल्या गाड्या असं कोणी समजत असेल, तर या आकड्यात घरातली चूलही मोजलेली आहे.

पहिलं कारण समजून घ्यायला फुप्फुसाच्या आत जावं लागतं. बसलेला निरोगी माणूस मिनिटाला साधारण १५ श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासात अर्धा लिटर हवा आत ओढतो. दिवसाचे २१,६०० श्वास, १०,८०० लिटर हवा. नाकातून घशात, तिथून दहा-बारा सेंटिमीटर लांबीच्या मुख्य श्वासनलिकेत, मग उजवी-डावी अशा दोन फाट्यांत. नीरा डाव्या कालव्याचं पाणी वितरिका, पोटचाऱ्या, शेतचाऱ्या करत सऱ्यांत पोचतं तशीच ही रचना, फक्त फाटे फुटण्याची वेळ इथे सुमारे २३ वेळा येते. शेवटी असतात वायुकोश. जर्मनीतल्या संशोधकांनी २००४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या मोजणीत त्यांची सरासरी संख्या ४८ कोटी आली. एकेक वायुकोश जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, पण सगळे उलगडून पसरले तर ७० चौरस मीटरच्या आसपास क्षेत्र होतं. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यामधला पडदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. रक्ताची तांबडी पेशी त्या केशवाहिनीतून पाऊण सेकंदात निघून जाते आणि ऑक्सिजन भरून घ्यायला तिला त्यातला पाव सेकंद पुरतो. उरलेला अर्धा सेकंद हाच राखीव साठा. पडदा जाड झाला, पेशी घाईत निघाली, तरी भागतं.

आत जाणाऱ्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर येणाऱ्या हवेत १६ टक्के उरतो. कार्बन डायऑक्साइड मात्र ०.०४ वरून चार टक्क्यांवर जातो. हे सगळं चालवणारा मुख्य स्नायू छातीत नसून छाती आणि पोट यांच्या मधोमध आडवा असतो. या श्वासपटलाच्या जोरावर शांत श्वासाचा मोठा भाग चालतो. बाळाला न्यूमोनिया झाला की पोट उडतं, बरगड्यांखाली खळगा पडतो, ते हाच स्नायू जिवाच्या आकांताने ओढत असतो म्हणून.

एक हिशेब इथे मुद्दाम करण्यासारखा आहे. अर्ध्या लिटरच्या प्रत्येक श्वासातले सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि नळ्यांमध्येच अडकून परत येतात, वायुकोशांपर्यंत जातच नाहीत. म्हणजे कामी येतात ३५० मिलिलिटर. मिनिटाला १५ श्वास धरले, तर सव्वापाच लिटर. आता दम लागलेला माणूस मिनिटाला ३० श्वास घेतोय, पण उथळ, पाव लिटरचे. एकूण हवा तेवढीच, साडेसात लिटर. मात्र पाव लिटरातून १५० वजा केले की १०० उरतात, तीस वेळा शंभर म्हणजे फक्त तीन लिटर. मेहनत दुप्पट आणि पदरात पडणारी हवा निम्म्याच्या जवळ. धापा टाकणारा माणूस ‘हवा मिळत नाही’ म्हणतो ते अक्षरशः खरं असतं. डॉक्टर त्याला ओठांचा चंबू करून सावकाश, लांब श्वास सोडायला सांगतात तेही यासाठीच.

हवेसोबत काय जातं, ते कणाच्या आकारावर ठरतं. दहा मायक्रॉनपेक्षा मोठी धूळ बहुतांशी नाकात आणि घशात अडते. पाटस-बारामती-इंदापूर पालखी महामार्गाचं काम चालू असताना कडेच्या गावांनी जी खाल्ली, ती बरीचशी या जातीची. डोळे चुरचुरतात, नाक भरतं, शेंबूड काळा येतो, आणि बराचसा माल तिथेच थांबतो. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांना मात्र थेट शेवटच्या फाट्यापर्यंत वाट मोकळी असते. माणसाच्या केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन, त्यावरून या कणांचा बारीकपणा ताडून पाहावा. धुरात प्रामुख्याने हेच कण असतात. भारताचं मानक वर्षाच्या सरासरीने घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम चालवून घेतं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा फक्त ५ आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत. पुणे आहे, सोलापूर आहे. दोघांच्या मध्ये पसरलेला हा उसाचा पट्टा त्यात नाही, कारण तो कार्यक्रम शहरांपुरता आहे.

उसाच्या पट्ट्याला धूर मिळतो तो तीन-चार वाटांनी. ऊस तुटून गेला की एकरी तीन ते चार टन पाचट शेतात राहतं. ते कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, हे कृषी विज्ञान केंद्रं आणि कारखान्यांचे शेती विभाग वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. तरी खोडव्याची घाई असली, उंदराची भीती असली की काडी लागते. नोव्हेंबर ते मार्च हा गाळपाचा हंगाम, म्हणजे नेमका थंडीचा काळ. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन बसते, वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते आणि संध्याकाळी पेटवलेल्या फडाचा धूर पहाटेपर्यंत गावावर तरंगतो. या महिन्यांत दवाखान्यात खोकल्याची गर्दी वाढते तिचं सगळं खापर ‘हवामान बदललं’ यावर फोडणं मला पटत नाही.

दुसरी वाट चुलीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, महाराष्ट्रातली सुमारे ६० टक्के घरं स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरत होती. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ती ८० टक्क्यांच्या घरात पोचली. मोठीच सुधारणा आहे. पण सर्वेक्षण मुख्य इंधन विचारतं. गॅसवर चहा-भाजी होणाऱ्या घरातही आंघोळीचं पाणी मागच्या दारी तुराट्या, उसाची बुडखी किंवा गोवऱ्या घालून तापतं, भाकरीही अनेक ठिकाणी तिथेच. बंद खोपटात स्वयंपाकाच्या वेळी बारीक कणांचं प्रमाण घनमीटरमागे शेकड्यांत जातं. (महामार्गावरच्या ‘चुलीवरचं मटण’ या पाट्यांना माझा विरोध नाही. तिथे निदान छप्पर उंच असतं, आणि चुलीपुढे आपल्याला बसायचं नसतं.) रात्री डासांची कॉइल लावून खिडक्या मिटल्या की आणखी भर. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगरेटींएवढे बारीक कण सोडते असं आढळलं. शंभरात चार धूम्रपान करणाऱ्यांच्या राज्यात हा आकडा अधिक लोकांना माहीत असायला हवा.

सगळ्यात जास्त धूर मात्र त्यांच्या वाट्याला येतो, जे या दोन तालुक्यांचे कायमचे रहिवासीच नाहीत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा या कारखान्यांच्या तळांवर बीड आणि अहिल्यानगरकडून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी, तोंडाशी चूल, पहाटे चारला स्वयंपाक. मग दिवसभर फडात कोयता. कष्टाच्या कामात मिनिटाला ३० लिटर हवा सहज लागते. आठ तासांत १४,४०० लिटर होतात, म्हणजे बसून राहणाऱ्याच्या चोवीस तासांपेक्षा जास्त. हवेत धूळ-धूर तेवढाच असला तरी तोडणाऱ्याच्या छातीत तो जास्त जातो. आणि फडात हवा तेवढीच स्वच्छ कुठून असणार? फड आधीच पेटवून दिलेला असेल तर कोयत्याच्या प्रत्येक घावाला काजळी उडते.

कारखान्याच्या आतली गोष्ट निराळी. गाळलेल्या उसाच्या २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे रस काढलेलं चिपाड, निघतं. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना चौदा-पंधराशे टन बगॅस काढतो. त्यातलं बहुतेक बॉयलरमध्ये जातं. ताजं, ओलं बगॅस फुप्फुसाला फारसं त्रास देत नाही. ढीग लावून महिनोन्‌महिने ठेवलेलं बगॅस आतून तापतं, त्यात उष्णता मानवणारे सूक्ष्म जीव वाढतात आणि तो ढीग फोडताना त्यांची भुकटी उडते. चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला, छातीवर दडपण, धाप. सुट्टी घेतली की बरं, पुन्हा कामावर गेलं की पुन्हा तेच. ‘मलेरिया झाला असेल’ म्हणून गोळ्या खाऊन वर्षं काढली तर वायुकोशांभोवती कायमचे व्रण पडतात आणि अर्ध्या मायक्रॉनचा तो पडदा जाड होऊन बसतो. या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. त्याचं पहिलं वर्णन १९४१ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानातून आलं, तोही उसाचाच मुलूख. आपल्याकडे १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बगॅसोसिस व्यावसायिक आजार म्हणून नावानिशी नोंदलेला होता. बगॅस यार्डात काम करणाऱ्याने डॉक्टरला ‘मी यार्डात असतो’ एवढं एक वाक्य सांगितलं, तर निदान निम्मं सोपं होतं.

आता एका सेकंदाच्या फुंकरीकडे येऊ. लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने १८४६ मध्ये पाण्यावर तरंगणारं भांडं वापरून दोन हजारांहून अधिक लोकांचा श्वास मोजला. आजची स्पायरोमेट्री त्याच वंशातली. छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोर लावून सहा सेकंद सोडत राहायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, हे दोन आकडे. निरोगी तरुण तीन चतुर्थांशाहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात फेकतो. श्वासनलिका रुंद करणारं औषध देऊनही हे गुणोत्तर ०.७०च्या खाली राहिलं, तर नळ्या अरुंद आहेत, सीओपीडीची शक्यता धरा.

हा पहिल्या सेकंदाचा आकडा पंचविशीच्या सुमारास शिखरावर असतो आणि तिथून सगळ्यांचाच उतरतो, वर्षाला २५-३० मिलिलिटरने. समजा एखाद्याचा पंचविशीत ३.२ लिटर होता. ३० मिलिलिटरने चाळीस वर्षं गेली तर पासष्टीला २ लिटर उरतो, काठी न घेता वारीला जाईल. धूर सोसणाऱ्या, बाधणाऱ्या छातीचा उतार दुप्पट होऊ शकतो. ६० मिलिलिटरने तेवढ्याच वर्षांत २.४ लिटर जातात, उरतो ०.८, आणि न्हाणीघरापर्यंत जाताना थांबावं लागतं. पंचेचाळिशीत मात्र या दोघांना शेजारी उभं केलं तर फरक कळणार नाही. एकाचे २.६, दुसऱ्याचे २.०, दोघेही मोटरसायकलवर दुधाचे कॅन लादून डेअरीला जाणारे. फरक फक्त यंत्र दाखवेल. कारखान्याचा साखर उतारा आम्ही रोज दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत वाचतो, ११.२० की ११.३५ यावर चौकात वाद घालतो. श्वासाचा असा आकडा फार थोड्यांच्या फायलीत असतो.

कोविडने घराघरांत ऑक्सिमीटर आणला, ९४ हा आकडा पाठ करून घेतला. एप्रिल २०२० मध्ये कडक टाळेबंदीचा ‘भिलवाडा पॅटर्न’ राबवणाऱ्या बारामतीत तर तो शाळकरी पोरांनाही ठाऊक झाला. त्याचा एक तोटा असा की बोटावर ९७ दिसले की छाती ठणठणीत, असं लोक धरून चालतात. ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन दाखवतो आणि त्या अर्ध्या सेकंदाच्या राखीव साठ्यामुळे तो अगदी शेवटी घसरतो. निम्मी फुंकर गमावलेल्या माणसाच्या बोटावरही ९६ दिसू शकतात.

दम्याचा हिशेब वेगळा, कारण तिथे नळ्या कायमच्या नाही, तर वेळोवेळी आवळतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तिच्यातून हवा ढकलायला सोळापट जोर लागतो. म्हणून रात्री दोनला जराशी सूजही माणसाला उठवून बसवते. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, दम्याच्या मृत्यूंपैकी मात्र ४२ टक्के. या दोन आकड्यांमधली दरी मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती बरीचशी पंपाच्या भीतीची आहे. ‘एकदा पंप लागला की सुटत नाही,’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पंपाच्या एका दाबात साल्ब्युटामॉल असतं १०० मायक्रोग्रॅम. तीच गोळी घेतली तर ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसपट, आणि ती पोटातून सगळ्या अंगात फिरून हात थरथरवते, छाती धडधडवते. पंपाला नाही म्हणणारा माणूस चाळीसपट औषध मुकाट्याने गिळतो. दुसरी चूक उलटी आहे. आवळलेली नळी सोडवणारा पंप तेवढा घ्यायचा आणि सूज कमी करणारा, स्टेरॉइडचा पंप बरं वाटलं की बंद करायचा. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी नुसत्या सोडवणाऱ्या पंपावर भागवू नका, असं स्पष्ट सांगितलं आहे.

लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला लागतं फक्त घड्याळ. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त आले की दवाखाना गाठायचा. न्यूमोकोकस जंतूवरची लस २०२१ पासून महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात मोफत आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा.

क्षयाचा आकडा उतरतो आहे. २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, २०२३ मध्ये १९५. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय क्षय सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचाराला गेलेलेच नव्हते, आणि सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के छातीचा एक्स-रे काढला नसता तर सुटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखं काही होतच नव्हतं. दोन आठवड्यांच्या वर खोकला हा नियम बरोबर आहे, पण पुरेसा नाही. उपचार सहा महिन्यांचा असतो, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन.

हे सहा महिने उसाच्या हंगामात बसत नाहीत. जानेवारीत भवानीनगरच्या तळावर निदान झालेल्या तोडणी कामगाराच्या गोळ्या जुलैत संपतात आणि टोळी मार्च-एप्रिलमध्ये बीडला परतलेली असते. यासाठीच ‘निक्षय’ या सरकारी नोंदीचा क्रमांक आहे. निदान करणाऱ्या दवाखान्यातून तो मागून घ्यायचा, नोंदीत मूळ गाव आणि स्वतःचा मोबाईल क्रमांक घालायचा, निघण्याआधी आठवडाभर तरी तिथे कळवायचं. पाटोद्याच्या किंवा पाथर्डीच्या आरोग्य केंद्रात तोच क्रमांक दाखवला की औषधं पुढे चालू राहतात. पोषणासाठीचे महिन्याला १,००० रुपये, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते, रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात, खातं कोणत्याही जिल्ह्यातलं असो.